‘तुंबाड’ मुलांना दाखवावा का?

रविवारची दुपार. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले, आई धुणीभांडी आटोपून जरा टेकलेली. तेवढ्यात आठवीतला मुलगा मोबाइल घेऊन जवळ येतो.

“आई, ‘तुंबाड’ बघू का? आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी बघितलाय.”

आई गप्प राहिलेली पाहून तो पुढे म्हणतो, “अगं, त्यात चांगली शिकवण आहे. लोभ करू नये म्हणून सांगितलंय.”

यावर काय उत्तर द्यावे? नुसते ‘नाही’ म्हटले, तर मुलगा मित्राच्या घरी जाऊन बघतो. ‘हो’ म्हटले, तर रात्री त्याला झोप लागत नाही. म्हणून या चित्रपटाचा आई-वडिलांनी नीट विचार करायला हवा.

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला. कोकणातल्या तुंबाड गावी १९१८ साली कथा सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली संपते. वाड्यात दडलेल्या सोन्याच्या नाण्यांसाठी विनायक नावाचा माणूस आयुष्य घालवतो आणि शेवटी आपल्या मुलालाही त्याच वाटेवर नेतो. मालिकांमुळे घराघरांत ओळखीच्या झालेल्या अनिता दाते यांनी विनायकच्या बायकोचे काम केले आहे. चित्रपट उत्तम आहे, मोठ्यांनी जरूर पाहावा.

पण त्याला सेन्सॉर बोर्डाने ‘ए’ प्रमाणपत्र दिले आहे. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याला चित्रपटगृहात प्रवेश नाही. घरात मात्र दारावर तिकीट तपासणारा कोणी नसतो. तिथे ते काम आई-वडिलांचेच.

आता मुलाच्या मुद्द्याकडे वळू. शिकवण चांगली आहे, हे खरेच आहे. तृष्णा दुःखाचे मूळ आहे, हे आपली मुले विहारात ऐकतात. मग तीच गोष्ट पडद्यावर पाहिली तर काय बिघडले?

बिघडते ते असे. शिकवण शेवटी येते, भीती मात्र पहिल्या अर्ध्या तासातच येते. सुरुवातीला विनायक स्वतः लहान मुलगा आहे. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन मदतीसाठी धावते आणि विनायक घरात एकटा राहतो. सोबतीला साखळीने बांधलेली भयंकर म्हातारी. ती जागी झाली की त्याला खायला उठणार! मोठा माणूस हा प्रसंग बाहेरून बघतो. तेरा वर्षांचे मूल विनायकच्या जागी जाऊन बसते. आपल्या किती घरांत आई कामावर गेल्यावर मोठे मूल धाकट्याला सांभाळत एकटे असते! त्या मुलाला ही भीती परकी वाटत नाही.

पुढेही माणसे जिवंत जळताना दिसतात. विनायक बायकोला कस्पटासमान लेखतो, बाहेर दुसरी बाई ठेवतो. बाप मुलाला लोभाचे धडे देतो. हे सारे समजून घ्यायला थोडे वय लागते. कच्च्या वयात शिकवण विसरली जाते आणि म्हातारीचा चेहरा तेवढा लक्षात राहतो.

शिवाय आपली घरे एका खोलीची. आठवीतला मुलगा मोबाइल बघतो, तेव्हा त्याच्या खांद्यावरून दुसरीतली बहीणही बघत असते. परवानगी एकाला दिली, तरी चित्रपट दोघे बघतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ‘तुंबाड’ दाखवू नये. पण नकार देताना कारण सांगावे. आधी आपण स्वतः चित्रपट पाहावा, मग मुलाला जवळ बसवून गोष्ट तोंडी सांगावी. सांगताना आईचा आवाज जवळ असतो, नको ते गाळता येते, मुलाला मध्येच प्रश्न विचारता येतो. लोभाची शिकवण त्याला अशीही मिळते. “मोठा झालास की आपण मिळून बघू,” हा शब्दही द्यावा आणि तो पाळावा.

इतर चित्रपटांसाठी एक माहिती ध्यानात ठेवावी. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढील असे तीन भाग केले आहेत. सुरुवातीला पडद्यावर येणारे प्रमाणपत्र वाचायची सवय लावावी. मोबाइलवर चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांनीही २०२१ च्या नियमांप्रमाणे वयाची खूण दाखवायची असते आणि पालकांसाठी कुलपाची सोय द्यायची असते. ते कुलूप कसे लावायचे, हे शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला विचारून घ्यावे. त्यात लाज कसली?

आणि मुलाने चोरून पाहिलाच असेल तर? मारू नये. मारल्याने भीती जात नाही, ती फक्त सांगायची बंद होते. “कुठे भीती वाटली?” असे विचारावे. चित्रपटातला हस्तर हा देव कथेसाठी रचलेला आहे, हे सांगावे. आणखी एक गंमत सांगावी. विनायकच्या मुलाचे काम करणारा मोहम्मद समद हा बालकलाकारच रंगभूषा करून म्हातारीही झाला आहे. तासन्‌तास तोंडाला रंग लावून बसलेला एक पोरगा! हे कळल्यावर मूल हसते. भुताची भीती ‘हे कसे केले असेल?’ या प्रश्नाने जाते, गंड्यादोऱ्याने नाही.

रविवारी मोबाइल घेऊन आलेल्या त्या मुलाने खरे म्हणजे आईला विचारले, हेच मोठे आहे. पुढच्या वेळीही त्याने विचारावे असे वाटत असेल, तर आजचे उत्तर रागाने देऊ नये.