खारपाणपट्टा आणि फ्रान्सची शर्यत

बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूच्या गावांत बोअरचं पाणी तोंडात घेतलं की आपण खारपाणपट्ट्यात आल्याचं कळतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात किडनीचे रुग्ण गावोगाव भेटतात आणि लोक बोट दाखवतात ते या पाण्याकडेच. डायलिसिसला जाणाऱ्या बऱ्याच रुग्णांना तिथे एक छोटं इंजेक्शनही मिळतं. घरचे त्याला ‘रक्तवाढीचं’ म्हणतात. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ. लान्स आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन सायकलपटूची सात विजेतेपदं पुसली गेली, त्या प्रकरणात सर्वाधिक गाजलेलं औषध हेच.

किडनी रक्त गाळते, हे आपण शाळेत शिकतो. ती रक्तातला प्राणवायूही मोजते, हे फारसं कुणी सांगत नाही. प्राणवायू कमी पडला की ती ईपीओ सोडते. ते हाडांच्या मगजापर्यंत पोहोचलं की तिथे लाल पेशींचं उत्पादन वाढतं. निरोगी माणसात दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या लाल पेशी तयार होतात, म्हणजे हे एक वाक्य वाचेपर्यंत तुमच्या अंगात कोटभर पेशी जन्मलेल्या असतात! पेशींना प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं. किडनी निकामी झाली की हा निरोपच जात नाही. मग नुसत्या लोहाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी रक्त भरत नाही.

हे ईपीओ हाती लागण्याची कथा मला कुठल्याही शर्यतीपेक्षा थरारक वाटते. शिकागोचे युजीन गोल्डवॉसर वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. 1975 च्या नाताळात जपानी डॉक्टर ताकाजी मियाके शिकागोच्या एका हॉटेलात त्यांना भेटले. हातात रेशमी कापडात बांधलेलं गाठोडं, आणि त्यात वाळवलेली लघवी! ज्यांच्या मगजात रक्तच तयार होत नाही अशा रुग्णांची ती लघवी होती. त्यांच्या किडन्या ईपीओचा मारा करत राहतात आणि ते लघवीवाटे वाया जातं. तब्बल 2,550 लिटर लघवीतून 1977 साली शुद्ध ईपीओ निघालं ते काही मिलिग्रॅम. पुढे अ‍ॅमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक शोधलं आणि 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

आता मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात सायकल मारून बघा. पाय थकण्याआधी धाप लागते. चढावर स्नायूंना प्राणवायू किती पोहोचतो, यावर वेग ठरतो आणि तो वाहून नेतात लाल पेशी. पेशी वाढल्या की दम वाढला. तीन आठवडे, साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर आणि आल्प्सचे घाट अशा टूर द फ्रान्समध्ये या औषधाचा मोह किती असेल, याचा अंदाज करा.

आर्मस्ट्राँग 1993 मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. 1996 मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग झाला; तो फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. केमोथेरपीत रक्त घटतं म्हणून त्याला ईपीओ दिलं गेलं, अगदी रीतसर. तो वाचला आणि 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर जिंकला. त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी पट्टे जगभर कोट्यवधी मनगटांवर दिसले. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसावर संशय घ्यायला फारशी कुणाची जीभ रेटत नव्हती.

अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘उसाडा’ने, 2012 मध्ये सहकाऱ्यांच्या साक्षींसह सारं मांडलं. 1999 मध्ये म्हणे एक मोटारसायकलस्वार शर्यतीच्या मागोमाग ईपीओ पोहोचवत होता. कृत्रिम ईपीओ ओळखणारी लघवीची चाचणी 2000 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी शोधली. त्यावर उतारा म्हणून खेळाडू ते रात्री शिरेतून, अगदी थोडं घेऊ लागले. सकाळपर्यंत खूण मिटायची. शिवाय स्वतःचंच रक्त काढून, थंड ठेवून, ऐन शर्यतीत परत चढवायचं. आपल्याच रक्तात परकं काय सापडणार?

सापडलं मात्र. बाहेरून रक्त चढलं की मगजाला काम उरत नाही आणि रक्तातल्या कोवळ्या पेशींचं प्रमाण घसरतं. खेळाडूच्या रक्ताची अशी नोंद वर्षानुवर्षं ठेवण्याची पद्धत सायकलिंगमध्ये 2008 पासून आली. आर्मस्ट्राँगच्या 2009 च्या नमुन्यांतले चढउतार नैसर्गिक असण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, असं उसाडाच्या तज्ज्ञाने सांगितलं. 2013 च्या जानेवारीत ओप्रा विनफ्रीसमोर त्याने सातही विजयांत उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं. 2009 चा आरोप मात्र नाकारला. त्या सात वर्षांची विजेतेपदं दुसऱ्या कुणालाही दिलेली नाहीत.

औषध तर त्या काळात अनेकांनी घेतलं. माझ्या लेखी आर्मस्ट्राँगचा मोठा गुन्हा वेगळा आहे. मालिश करणारी एमा ओरायली खरं बोलली, तर त्याने तिची जाहीर बदनामी केली. ‘संडे टाइम्स’ने शंका घेतली, तर त्या वृत्तपत्राला कोर्टात खेचून पैसे उकळले, ते त्याला पुढे परत करावे लागले.

आणि आता खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी. पेशी फार वाढल्या की रक्त दाटतं आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणूनच सायकल महासंघाने 1997 मध्ये पुरुषांच्या रक्तातल्या पेशींच्या प्रमाणाला 50 टक्क्यांची मर्यादा घातली होती. किडनीच्या रुग्णांतही हिमोग्लोबिन पार 13 च्या पुढे नेलं तर फायद्यापेक्षा अपायच होतो, हे 2006 पासूनच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं. त्यामुळे डॉक्टर साधारण 11 च्या आसपास थांबतात. रिपोर्टमध्ये आकडा ‘कमी’ दिसतोय म्हणून जास्त इंजेक्शनचा आग्रह धरू नका, आणि डॉक्टरांनी मात्रा घटवली तर उपचारात काटकसर चालली आहे असंही समजू नका.