अनुदान हवे, पण आधी
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या चित्रनगऱ्या गोरेगाव आणि कोल्हापुरात आहेत. मराठी चित्रपटांना दर्जानुसार सरकारी अनुदानही मिळते: 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख रुपये. मात्र ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. म्हणजे आधी भांडवल उभे करू शकणाराच तिथवर पोहोचतो. विदर्भात वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावच्या होतकरू दिग्दर्शकाचे घोडे पहिल्याच खर्चाशी अडते. आगाऊ दिलेला जनतेचा पैसा बुडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण पटकथा पारखून हप्त्याहप्त्याने रक्कम दिल्यास धोका आटोक्यात राहतो. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावरच 1969 साली 'भुवन शोम' हा चित्रपट उभा राहिला. विदर्भाच्या गोष्टी विदर्भातल्याच माणसांनी सांगाव्यात, असे वाटत असेल, तर मदत सुरुवातीलाच मिळायला हवी.