शेतकी संकेतस्थळाचा वेग आणि हातसाठ्याचे योग्य प्रमाण

चांदवड तालुक्यातील कांदा उत्पादक आज ट्रॅक्टर भरण्यापूर्वी मोबाइलवर बाजारभाव पाहतो. माल चांदवडच्या बाजार समितीत न्यावा, की लासलगाव, पिंपळगाव बसवंत वा उमराणे येथे, याचा निर्णय त्यास वेळेवर घ्यावा लागतो. अशा वेळी संकेतस्थळ उघडलेच नाही, किंवा उघडूनही त्याने कालचाच भाव दाखविला, तर नुकसान प्रत्यक्ष रुपयांत होते. म्हणून संकेतस्थळाचा वेग हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे. तो कसा राखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हातसाठा म्हणजे काय?

माहितीचा मूळ संचय सर्व्हरच्या डिस्कवर असतो. फिरत्या डिस्कवरून माहिती शोधण्यास सेकंदाचा सुमारे शतांश लागतो. मेमरीतून ती सुमारे कोट्यंशात मिळते. हा फरक लक्षपटीचा आहे. ज्याप्रमाणे गृहिणी रोज कणगी न उपसता आठवड्याचे धान्य डब्यात काढून ठेवते, त्याप्रमाणे वारंवार लागणारी माहिती मेमरीत तयार ठेवतात. यास ‘कॅश’ म्हणतात. रोकडीशी या शब्दाचा संबंध नसल्याने आपण त्यास हातसाठा म्हणू.

लाभाचे गणित

समजा, हातसाठ्यातून उत्तर देण्यास १ मिलिसेकंद व मूळ संचयातून देण्यास १०० मिलिसेकंद लागतात. शंभरापैकी ८० मागण्या हातसाठ्यातून भागल्यास सरासरी सुमारे २१ मिलिसेकंद पडते. ९० भागल्यास ११ आणि ९९ भागल्यास केवळ २. तसेच मूळ संचयाकडील फेऱ्या २० वरून १ वर येतात. गर्दीच्या दिवशी संकेतस्थळ तग धरते ते यामुळेच.

काय साठवावे?

राज्यात बाजार समित्या सुमारे तीनशे आहेत. प्रत्येकीच्या भावपत्रकास ५० किलोबाइट धरले, तरी १५ मेगाबाइटमध्ये सर्व मावतात आणि तेच पान हजारो जण पाहतात. याउलट सातबारा उतारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. त्याच मापाने त्यांना १,२५० गिगाबाइट लागतील, आणि एक उतारा बहुधा एकच खातेदार पाहील. म्हणून सर्वांना समान असलेली माहिती साठवावी. एकेकट्याची साठविण्यात लाभ अल्प. अर्जदाराचे व्यक्तिगत पान तर सामाईक हातसाठ्यात कदापि ठेवू नये. ते दुसऱ्यास दिसण्याचा धोका असतो.

प्रमाण कसे ठरवावे?

शेततळे लहान पडले तर पाणी वाहून जाते. अवास्तव मोठे केले तर पिकाखालील जमीन बुडते. हातसाठ्याचेही तसेच आहे. तो अपुरा असल्यास आताच ठेवलेली माहिती बाहेर पडते. तो अतिमोठा केल्यास इतर कामांस मेमरी उरत नाही, सर्व्हर डिस्कचा आश्रय घेतो आणि वेग पूर्वीपेक्षाही घटतो. पुढील क्रम उपयुक्त ठरेल :

(१) आठवडाभर किती मागण्या हातसाठ्यातून भागतात, किती माहिती बाहेर टाकली जाते व मेमरी किती मोकळी राहते, याची नोंद घ्यावी.

(२) आकार दुप्पट करून पुन्हा नोंद घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा.

(३) आकार वाढवूनही भागणाऱ्या मागण्या वाढेनाशा झाल्या, की थांबावे.

(४) माहितीसंचयाचा स्वतःचा हातसाठाही तपासावा. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएलमध्ये तो मुळात १२८ मेगाबाइटच असतो. स्वतंत्र सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएलसाठी एकूण मेमरीच्या चतुर्थांशापासून आरंभ करण्याची शिफारस आहे.

मुदतीचे पथ्य

प्रत्येक माहितीस शिळे होण्याची मुदत ठरवून द्यावी. योजनेची नियमावली दिवसभर चालेल. लिलाव सुरू असताना भाव मात्र काही मिनिटांतच बदलला पाहिजे. मुदत संपताच सर्व मागण्या एकदम मूळ संचयावर कोसळू नयेत, यासाठी एकाच मागणीने नवी माहिती आणावी व इतरांनी क्षणभर थांबावे, अशी व्यवस्था करावी. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर हातसाठा रिकामा असतो. म्हणून पीकविम्याच्या अंतिम दिवशी सकाळी तो बंद-चालू करणे टाळावे.

शेतकरी बंधूंनीही अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नयेत आणि भाव पाहताना त्याखालील दिनांक व वेळ अवश्य पाहावी. वेगाने मिळालेला शिळा भाव हा विलंबाने मिळालेल्या खऱ्या भावाहून अधिक घातक असतो.