रात्रीचं पार्किंग: बंदीआधी गल्लीची रुंदी मोजा

वसई-विरारमध्ये रात्री रस्त्यावर गाड्या लावायला सरसकट बंदी घाला म्हणणारे जितके, तितकेच ‘मग गाडी काय डोक्यावर घेऊन झोपायचं?’ असं विचारणारे. नालासोपाऱ्याचा आचोळे रोड घ्या, वसईतलं एव्हरशाइन घ्या, विरारचं मनवेलपाडा घ्या. शेवटच्या लोकल रिकाम्या होईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा भरलेल्या असतात. सोसायटीच्या मीटिंगपासून रिक्षा स्टँडपर्यंत वाद सारखाच, आणि दोन्ही बाजूंच्या बोलण्यात त्याच सात-आठ चुकीच्या समजुती. त्या बाजूला केल्या तर भांडण बरंच लहान होतं.

‘रस्त्यावर रात्री गाडी लावणं बेकायदाच आहे’

सरसकट नाही. रस्ता सार्वजनिक आहे, तिथे ‘नो पार्किंग’ जाहीर केलेलं नाही आणि गाडीचा कुणाला अडथळा होत नाही, एवढं असेल तर नुसती गाडी उभी करणं हा गुन्हा ठरत नाही. पण याच्या उलटची समजूत त्याहून जास्त पसरलेली आहे: रात्री सगळं चालतं, अकरानंतर कोण बघतंय. कायद्यात ही सवलत कुठेच नाही. फुटपाथ, चौकाचं तोंड, बस स्टॉप, दुसऱ्याच्या गेटसमोरची जागा, अग्निशमनाचा नळ इथे गाडी लावायची मनाई चोवीस तास असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशा रीतीने गाडी सोडून जाता येत नाही. तिथे वेळेचा उल्लेखच नाही.

कलम १२७ तर या वादात कुणी काढतच नाही. सार्वजनिक जागी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा मालकाविना उभी राहिली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा तिला जॅमर लावायला सांगू शकतो, आणि खर्च मालकाच्या माथी. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला काढली की बरोबर दहा तास होतात. ‘रात्रीच्या पार्किंगसाठी नवा कायदा हवा’ म्हणणाऱ्यांनी हातात असलेला हा कायदा आधी वाचावा. तो रोज रात्री हजारो गाड्यांवर वापरणं व्यवहारात अशक्य आहे, हे उघड आहे. पण टायर बसलेल्या, धुळीने काच दिसेनाशी झालेल्या, वर्ष-वर्ष न हललेल्या गाड्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी हे कलम पुरेसं आहे आणि त्यासाठी कुणाशी वाद घालायचीही गरज नाही.

‘माझ्या घरासमोरची जागा माझी’

नाही. बादली, कुंडी, जुना टायर, सिमेंट भरलेला डबा, सोसायटीच्या नावाचा रंगवलेला बोर्ड यातलं काहीही ठेवून सार्वजनिक रस्ता राखून ठेवता येत नाही. उलट असा अडथळा उचलून नेण्याचा अधिकार महापालिकेला आहे. गेटमधून गाडी आत-बाहेर करता यावी एवढी जागा मोकळी मिळणं हा तुमचा हक्क. गेटच्या दोन्ही बाजूंची जागा कुणाचीच नाही.

‘रोड टॅक्स भरतो, मग रस्ता वापरणारच’

वापरा की. पण त्या टॅक्सचा आणि गल्लीतल्या जागेचा संबंध नाही. गाडी घेताना भरतो तो मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो, महाराष्ट्रात तो १९५८ च्या कायद्याने घेतला जातो. घराजवळचा रस्ता, गटार, दिवे सांभाळते ती महापालिका, आणि तिच्या तिजोरीत मालमत्ता कर पडतो. तो गाडी नसलेलाही भरतो. एका मोटारीच्या पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. नालासोपाऱ्यात वन-आरके विकत घ्यायला आयुष्याची कमाई लागते आणि तशा खोलीच्या निम्म्याएवढी जागा गाडी रात्रभर फुकट वापरते. गाडीवाल्याला दोष द्यायला हे सांगत नाही. फुकट वाटणाऱ्या या जागेची किंमत गाडी नसलेले शेजारीही भरतात, एवढं त्या टॅक्सच्या युक्तिवादात लक्षात राहत नाही.

‘रात्री रस्ता रिकामाच असतो, अडचण कुणाला?’

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून हिशेब करू. आपल्याकडच्या कितीतरी आतल्या गल्ल्या सहा मीटरच्या. आरशांसकट मोटार साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर रुंद, शिवाय गटारापासून थोडं अंतर. एका गाडीमागे दोन मीटर धरा. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये उरतात दोन मीटर. मोठ्या वाहनाला नियमाने जास्तीत जास्त दोन मीटर साठ सेंटिमीटर रुंदी चालते, आणि अग्निशमनाचा बंब किंवा पाण्याचा टँकर त्या मापाच्या आसपासच असतो. म्हणजे बंब आत येणारच नाही. रुग्णवाहिका आली तरी आरसे मिटून, वॉचमनच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’वर.

तीच गल्ली एका बाजूला मोकळी ठेवली की चार मीटर मिळतात आणि बंब जातो. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या असल्या तरी पाच मीटर उरतात. म्हणजे त्याच रात्री, तेवढ्याच गाड्या असूनही, एका रस्त्यावर जिवाला धोका आहे आणि शेजारच्या रस्त्यावर काहीच बिघडत नाही. बंदी ‘रात्र’ बघून घालायची की ‘रुंदी’ बघून, याचं उत्तर या मापातच आहे. सम-विषम तारखांचं एका बाजूचं पार्किंग लोकांना कटकट वाटतं, पण सहा मीटरच्या गल्लीत दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

जागा अरुंद असली की काय होतं, हे विरारने बघितलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, २६ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग बाजूच्या चाळीवर कोसळला आणि १७ जण गेले. दाट वस्तीमुळे मोठी यंत्रं सुरुवातीला आत नेता आली नाहीत, ढिगारा हातांनी उपसावा लागला. तिथे दोष अनधिकृत बांधकामाचा होता, उभ्या गाड्यांचा नव्हे. त्या दुर्घटनेचं खापर पार्किंगवर फोडणं चुकीचं ठरेल. मात्र मदत आत शिरायला किती मीटर लागतात, हा प्रश्न तिथला आणि तुमच्या गल्लीतला एकच आहे.

याशिवाय रोजच्या गोष्टी. टँकर अवेळी येतो, घंटागाडी सकाळी लवकर. पावसाळ्याआधी गटारातला गाळ काढायचा तर कडेच्या गाड्या हलवाव्या लागतात आणि मालकाचा फोन नंबर कुणाकडेच नसतो. दुसरी बाजूही खरी: जोराचा पाऊस लागला की सखल भागातल्या स्टिल्टमध्ये पाणी भरतं, आणि ज्यांना सोसायटीत जागा आहे तेही गाडी उंच रस्त्यावर आणून लावतात. बाराही महिने सरसकट बंदी घातली तर त्या रात्री त्यांनी काय करायचं?

‘सोसायट्यांमध्ये जागा असते, लोक मुद्दाम बाहेर लावतात’

काही ठिकाणी असते, बहुतेक ठिकाणी नसते, आणि हे आपोआप झालेलं नाही. बांधकाम नियमावलीत पार्किंगचं प्रमाण फ्लॅटच्या चटईक्षेत्रावर ठरतं. लहान फ्लॅटला घरटी एक मोटार धरलेलीच नसते, आणि वसई-विरार हे लहान फ्लॅटांचंच शहर. आराखडा मंजूर करून घेणाऱ्या इमारतींची ही गत, तर ज्यांचा आराखडाच नाही त्यांच्याबद्दल काय बोलायचं? नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीजवळ कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या. जिथे सांडपाणी प्रकल्पाच्या जागेवर इमले चढतात, तिथे सार्वजनिक वाहनतळाची जागा शाबूत राहिली असती असं मानणं भाबडेपणाचं आहे.

मंजूर इमारतीतही स्टिल्ट बंदिस्त करून खोली किंवा गाळा काढल्याची उदाहरणं कमी नाहीत. ‘बिल्डरने पार्किंग मला विकलं, ते माझं’ हे वाक्यही तपासून घ्यावं. आपल्यापासून जवळच्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डर फ्लॅटपासून वेगळी विकू शकत नाही. पुढे रेरा कायदा आला. त्यानुसारही उघड्यावरचं पार्किंग सामाईक जागेत मोडतं, ते विकता येत नाही. वाटप करायचं ते सोसायटीने. आदर्श उपविधींप्रमाणे जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्या सोसायटीत दहा वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरीची दुसरी गाडी अजून आतच उभी आहे आणि नवीन सभासदाची रस्त्यावर, त्या सोसायटीने महापालिकेकडे तक्रार करण्याआधी सर्वसाधारण सभा बोलवावी.

‘बंदीने गाडीवाल्या श्रीमंतांना धडा मिळेल’

रात्री दीडला फेरी मारा आणि उभी असलेली वाहनं बघा. दुचाकी, रिक्षा, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधून माल वाहणारे छोटा हत्ती, भाड्याने चालवलेल्या टॅक्सी. यांचे मालक ज्या चाळींत राहतात तिथे कंपाउंडच नसतं. मोठ्या कॉम्प्लेक्समधली दुसरी गाडी निदान कुणाच्या तरी रिकाम्या जागेत घुसते. सरसकट बंदीचा पहिला दंड बसेल तो पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला. राज्यात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू झाले, त्यात साधा पार्किंगचा दंड पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा झाला तर पंधराशे. शिवाय टोइंगचा खर्च. रिक्षावाल्याच्या बाबतीत हा दंड सरळ कमाईतून जातो.

एका बाबतीत मात्र मी बंदीच्या बाजूने आहे. वस्तीत रात्रभर उभ्या राहणाऱ्या खासगी बस, टँकर आणि ट्रक. विशिष्ट प्रकारच्या वाहनांना विशिष्ट रस्त्यांवर मज्जाव करण्याची सोय कलम ११५ मध्ये आहे. हा धंद्याचा खर्च आहे, तो धंद्यानेच उचलावा.

‘आता पार्किंग दाखवल्याशिवाय गाडीच मिळणार नाही’

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तसं जाहीर केलं आणि लोकांनी तो नियम झालाच असं धरलं. मंत्र्यांची घोषणा आणि राजपत्रातली अधिसूचना यांत फरक असतो. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाला जागा नसताना चार-पाच गाड्या कशा घेऊ देता, असं सरकारला सुनावलं होतं. तेही मतप्रदर्शन होतं, नियम नव्हे.

या चर्चेत जपानचं नाव हमखास येतं, पण अर्धंच. तिथे १९६२ च्या कायद्याने घरापासून ठरावीक अंतरात (आज ते दोन किलोमीटर आहे) गाडी ठेवायची जागा दाखवावी लागते, पोलीस ती तपासतात, आणि रात्री रस्त्यावर एकाच ठिकाणी आठ तासांहून जास्त गाडी ठेवणं हा गुन्हा आहे. कायदा झाला तेव्हा तिथे घरोघरी गाडी पोचायची होती. मग गाड्यांबरोबर महिन्याच्या भाड्याने मिळणारे वाहनतळही वाढत गेले. आपल्याकडे गाड्या आधी आल्या. जपानची बंदी उचलायची आणि वाहनतळ विसरायचे, ही नक्कल चालणार नाही.

घराजवळचे दोन दाखले जास्त उपयोगी आहेत. पुणे महापालिकेच्या २०१८ च्या पार्किंग धोरणात रात्रीच्या पार्किंगलाही शुल्क सुचवलं होतं. शहर खवळलं आणि मंजुरी मिळाली ती मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरती. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंतचा दंड आणला, पण तो सार्वजनिक वाहनतळांपासून पाचशे मीटरच्या आत. दंडाच्या आकड्यावर वाद होऊ शकतो, पण आधी जागा दाखवायची आणि मग दंड करायचा, हा क्रम बरोबर होता.

‘हे सगळं महापालिकेच्या हातात आहे’

अर्धंच. रस्ता, पट्टे, वाहनतळाच्या आरक्षित जमिनी महापालिकेच्या. पण कुठे गाडी लावायची आणि कुठे नाही हे अधिसूचनेने ठरतं, आणि अंमलबजावणी वाहतूक पोलिसांची. ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. महापालिका पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस महापालिकेकडे. त्यात २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता, त्यामुळे गल्लीचा प्रश्न सभागृहात मांडायलाच कुणी नव्हतं.

एखाद्या रस्त्यावर पार्किंगबंदीची अधिसूचना निघते तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. तिथे ‘आमच्यावर अन्याय’ असं मोघम लिहिलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. टेप घेऊन गल्ली तीन ठिकाणी मोजा, गटाराच्या कडेपासून कडेपर्यंत. रात्री एकला दुचाकी, रिक्षा, मोटारी, टेम्पो वेगवेगळे मोजा. कोणत्या बाजूला गेट कमी आहेत ते लिहा. अवजड वाहनांचा मुद्दा वेगळा मांडा, न हलणाऱ्या गाड्यांची यादी नंबरांसकट जोडा. आणि जवळची मोकळी जागा, शाळेचं किंवा बाजाराचं आवार, रात्री दहा ते सकाळी सात पैसे घेऊन वापरू देता येईल का, हे विचारा.