तासाभरात घडणारा दगड

अंबरनाथ पूर्वेची आनंदनगर औद्योगिक वसाहत रसायनांसाठी ओळखली जाते. रिअॅक्टर, पिंपे, टँकर, वास आणि सांडपाणी यांवर इथे पुष्कळ बोलले जाते. ज्या जमिनीवर हे सगळे उभे असते, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. जिथे आम्ल हाताळले जाते तिथे साधा कोबा टिकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून पाण्यात विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड तयार होते. जमीन अक्षरशः वाहून जाते. सल्फ्युरिक आम्ल वेगळ्या रीतीने घात करते. त्यातून जिप्सम बनते, ते फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. एकदा फट पडली की आम्ल मातीत उतरते, आणि या परिसरात मातीत उतरलेले पाणी शेवटी वालधुनी नदीकडे जाते. म्हणून अशा शेडमध्ये जाड, झिलई नसलेल्या, काचेसारख्या घट्ट भाजलेल्या आम्लरोधक टाइल्स बसवतात. त्यांच्यासाठी आयएस 4457 हे भारतीय मानक आहे.

टाइल आम्लाला दाद देत नाही, याचे कारण तिच्या जन्मात आहे. सिरॅमिक टाइलच्या कारखान्यात जे घडते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत रसायनशास्त्र आहे. दाब देणारी प्रेस, रोलरवरून सरकणारी रांग, चकाकणारे पॉलिश या यंत्रांच्या गोष्टी डोळ्यांत भरतात, पण टाइलचे भवितव्य ठरते ते कणांच्या आणि रेणूंच्या पातळीवर.

कच्चा माल साधा असतो. चिनी माती आणि चिवट बॉल क्ले, फेल्डस्पार, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि भिंतीच्या टाइलसाठी चुनखडी. चिनी माती व सिलिका वाळू आपल्या सिंधुदुर्गातही सापडते. कासार्ड्याची वाळू तर काच आणि ओतकाम या धंद्यांत नावाजलेली आहे. मातीमुळे आकार येतो, गारगोटीमुळे सांगाडा उभा राहतो, आणि फेल्डस्पार भट्टीत वितळून सगळ्यांना बांधतो. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये निम्म्याच्या आसपास फेल्डस्पारच असतो.

हा माल पाण्यासोबत बॉल मिलमध्ये दळतात. इथे पहिली रासायनिक युक्ती लागते. दळलेली माती पंपातून वाहायला हवी, पण पाणी कमीत कमी हवे, कारण घातलेला प्रत्येक लिटर पुढे गॅस जाळून उडवावा लागतो. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर हे कण एकमेकांना चिकटतात आणि घोळ दह्यासारखा घट्ट होतो. त्यात किंचित सोडियम सिलिकेट किंवा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट टाकले की सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतो, फॉस्फेट कॅल्शियमला बांधून ठेवतो, कण एकमेकांना दूर लोटतात आणि तोच घोळ पातळ होऊन वाहू लागतो. त्यामुळे साधारण एक तृतीयांश पाण्यात काम भागते. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासचे, पण इंधनाच्या बिलात त्याचा फरक मोठा पडतो. पाणी जड असेल तर ते सगळे गणित बिघडते, म्हणून चांगला कारखाना मातीइतकीच पाण्याचीही तपासणी करतो.

घोळ स्प्रे ड्रायरमध्ये उडवला की पाच-सहा टक्के ओलावा असलेली बारीक भुकटी मिळते. ती प्रेसमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 300 ते 400 किलो दाबाखाली जाते. वाळवली की टाइल भट्टीत जायला तयार.

भट्टीत काय होते हे सविस्तर सांगायला हवे. 450 ते 600 अंश सेल्सियसच्या दरम्यान चिनी मातीच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते. शुद्ध चिनी मातीचे वजन त्यामुळे सुमारे 14 टक्क्यांनी घटते. 573 अंशांना क्वार्ट्झचा स्फटिक आपली ठेवण बदलतो आणि एकाएकी फुगतो. चढत्या तापमानात टाइल हे सोसते, कारण ती अजून सच्छिद्र असते. उतरताना त्याच 573 अंशांना क्वार्ट्झ आकसतो आणि तेव्हा टाइल कडक झालेली असते. थंड करण्याची घाई केली तर ती तडकते. भट्टीचा तो भाग कारखान्यातले जाणते लोक डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. मातीतला सेंद्रिय भाग आणि लोह यांना जळायला वेळ व हवा मिळाली नाही तर टाइलच्या पोटात काळा डाग राहतो. तो वरून दिसत नाही, टाइल फोडली की दिसतो. पुढे चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतले 44 किलो असे वायू होऊन जातात. मग 1100 अंशांच्या पुढे फेल्डस्पार वितळू लागतो, त्याचा रस कणांमधल्या फटींत शिरतो आणि मातीतून म्युलाइट नावाचे सुईसारखे कणखर स्फटिक जन्मतात. सुमारे 1200 अंशांना काच, म्युलाइट आणि उरलेला क्वार्ट्झ मिळून एकजीव दगड तयार होतो. साठ सेंटिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल हवी असेल तर साचा 65 सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो, इतकी ती भट्टीत आकसते.

पूर्वी बोगद्यासारख्या भट्टीत दोनदा भाजणी होई आणि तिला कित्येक तास, कधी दिवसही लागत. आजच्या रोलर भट्टीत टाइल तासाभरात आत जाऊन बाहेर येते. एवढ्या कमी वेळात वरचे सगळे बदल क्रमाने पार पडायला हवेत, म्हणूनच आजच्या टाइल उद्योगात रसायनतज्ज्ञाचे काम पूर्वीपेक्षा जास्त नाजूक झाले आहे. वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शके 982 म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेले ते मंदिर ज्या काळ्या पाषाणातून उभे राहिले, तो लाव्हा थंड होऊन घडला होता. खनिजांचा रस आणि त्यातून घडणारे स्फटिक दोन्हीकडे आहेत. माणसाने त्यात वेळ कमी केला, आणि त्या कमी वेळाची किंमत नेमकेपणाने चुकवावी लागते.

झिलईकडे वळू. ती म्हणजे टाइलवर वितळवलेल्या काचेचा पातळ पापुद्रा. बोरॅक्स पाण्यात विरघळतो आणि शिसे विषारी, त्यामुळे ही द्रव्ये थेट वापरणे अवघड. यावर उपाय म्हणून ती सिलिकासोबत 1400 अंशांच्या वर वितळवतात आणि तो रस पाण्यात ओततात. जो काचेचा चुरा मिळतो तो फ्रिट. विरघळणारे द्रव्य काचेत बंदिस्त होते. आज बहुतेक टाइल्सच्या झिलईत शिसे नसतेच. पांढरेपणासाठी एकेकाळी महाग टिन ऑक्साइड लागे. आता झिरकॉन ते काम करते. एकाच भाजणीत टाइल आणि झिलई दोन्ही पक्की करायची तर झिलई उशिरा वितळणारी हवी. ती लवकर वितळली तर खालून येणारा कार्बन डायऑक्साइड तिच्याखाली कोंडतो आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोके उरतात.

झिलई आणि टाइल यांचे प्रसरण जुळणे सर्वांत महत्त्वाचे. थंड होताना टाइल झिलईपेक्षा किंचित जास्त आकसली तर झिलई दाबाखाली राहते आणि टिकते. उलट झाले तर झिलई ताणली जाते आणि तिच्यावर जाळीसारखे बारीक तडे उमटतात. जुन्या स्वयंपाकघरांच्या भिंतींवर असे तडे पुष्कळांनी पाहिले असतील. भिंतीची टाइल सच्छिद्र असते, वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून ती अगदी थोडी फुगते आणि झिलईवरचा दाब संपतो. चुनखडी इथे कामी येते: तिच्यातला चुना माती-सिलिकाशी संयोग पावून अॅनॉर्थाइट आणि वोलास्टोनाइटसारखे स्फटिक घडवतो आणि हे फुगणे बरेच कमी होते. कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या दमट पावसाळ्यात भिंतीची टाइल वीस वर्षे बिनतड्याची राहिली, तर त्याचे श्रेय चुनखडीलाही द्यावे लागेल.

रंगांचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. 1200 अंशांत टिकणारा सेंद्रिय रंग नाही. रंगही दगडाच्या जातीचाच हवा. कोबाल्ट आणि अॅल्युमिना मिळून निळा. लोह, क्रोमियम, कोबाल्ट, निकेल मिळून काळा. झिरकॉनच्या स्फटिकात व्हॅनेडियम बसवला की फिरोजी निळा, प्रॅसिओडिमियम बसवला की पिवळा, लोह अडकवले की पोवळ्याचा लालसर रंग. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या झिरकॉन रंगांनी धंद्याची दिशा बदलली. आता संगमरवर, लाकूड, कोटा फरशी अशा हुबेहूब नक्षी इंकजेटने छापल्या जातात. त्या शाईत हेच दगडी रंग मायक्रॉनपेक्षा बारीक दळलेले असतात, नाहीतर नळीचे तोंड बुजते.

महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध जुना आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी झिलईच्या मातीकामाला वेगळी ओळख दिली. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून कुंभारांना चिनी मातीच्या कामाकडे नेले. सौराष्ट्रात थानगड आणि मोरबी परिसरात मातीकामाचा पाया घालणारे परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ. परशुराम पॉटरी हे नाव त्या भागात आजही सांगितले जाते. आणि आधुनिक सिरॅमिक टाइल्सच्या देशातल्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, ठाण्याला उभा राहिला: एच. अँड आर. जॉन्सन, 1958. आज देशाच्या टाइल्सचे केंद्र मोरबी आहे. भट्ट्या तिकडे गेल्या असल्या तरी ठाणे जिल्ह्याने हा इतिहास विसरू नये असे मला मनापासून वाटते.

भट्टीचे इंधन हाही रसायनाचाच प्रश्न आहे. मोरबीत पुष्कळ कारखाने कोळशापासून वायू करून वापरत. त्यातून डांबर आणि फिनॉलयुक्त विषारी पाणी उरे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते गॅसिफायर बंद करायला लावले आणि उद्योगाला नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. मातीत किंचित फ्लोरिन असते, तेही तापमान चढल्यावर बाहेर पडते. धुराड्यात चुन्याने ते पकडता येते. सर्वांत जास्त काळजी करावी ती दळणाऱ्या आणि भुकटी हाताळणाऱ्या कामगारांची. स्फटिकी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. धूळ खेचणारी यंत्रणा, ओली साफसफाई आणि नीट बसणारा मास्क यांवर केलेला खर्च उत्पादनखर्चातच धरायला हवा. वालधुनीने जे सोसले ते पाहिलेल्या आपल्या भागाला हे वेगळे पटवून द्यायला नको.

आनंदनगरच्या जमिनीवर परत येऊ, कारण टाइलच्या जोडीने सांध्यांचेही रसायन असते. टाइल कितीही पक्की असली तरी आम्ल जोडांतून घुसते. पोटॅशियम सिलिकेटचा मसाला आम्लांसमोर भक्कम, पण कॉस्टिकसमोर विरघळतो. फ्युरान रेझिन आम्ल आणि अल्कली दोन्ही झेलते, नायट्रिक आम्लासमोर मात्र हरते. इपॉक्सी अल्कलीला चांगले. आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर टाइलही कामाची नाही, कारण ते सिलिकालाच खाते. तिथे कार्बनच्या विटा लागतात. आयएस 4832 हे मानक या मसाल्यांसाठीच आहे. कोणत्या टाकीतून काय सांडणार हे आधी लिहून काढले आणि मग जोड निवडला, तर जमीन टिकते. नुसती जाडी पाहून फरशी घेतली की वर्षभरात उखडते.

घरातही तेच. दुकानात भिंतीची म्हणून मिळणारी टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून मिस्त्रीने साध्या सिमेंटच्या घोळावर बसवली तर सिमेंटला तिच्या अंगात शिरायला जागाच नसते. काही महिन्यांत ती पोकळ वाजू लागते आणि मे महिन्याच्या उन्हात एखादे दिवशी धाडकन उचलते. तिला पॉलिमर आणि सेल्युलोज इथर असलेला चिकटवणारा मसाला, म्हणजे टाइल अॅडहेसिव्ह हवा, आणि टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट. न्हाणीघर ॲसिडने धुण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्या आम्लाने झिलईचे सहसा काही बिघडत नाही, पण जोडांतले सिमेंट दरवेळी थोडे विरघळते आणि खालच्या मजल्यावर ओल दिसू लागते. त्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. साबणाचे साधे पाणी आणि अधूनमधून बेकिंग सोडा टाइलला पुरेसा आहे, आणि जोड काळे पडलेच तर ते खरवडून नव्याने इपॉक्सी ग्राउट भरून घेणे एकदाच्या खर्चात भागते.