उतारावरील झुडपे आणि हत्यारांची निवड

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील रान मोकळे करावयाचा प्रसंग आला म्हणजे ‘कोणते यंत्र घ्यावे?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो दुसरा प्रश्न होय. तोडलेले झुडूप पुन्हा फुटावयास हवे की नको, हे आधी ठरवावे लागते; हत्याराची निवड त्यावर अवलंबून असते. कोकणातील रूढ क्रियापदे हा भेद नेमका दाखवितात. आंबा-काजूची बाग ‘बेणतात’, भाजावळीसाठी कवळ ‘तोडतात’, नको असलेले झुडूप ‘खणून काढतात’. ‘साफसफाई’ ह्या कचेरीतल्या शब्दात हे सारे भेद बुडून जातात, आणि कधी कधी त्यांच्याबरोबर उतारावरील मातीही वाहून जाते.

तीव्र उतारावरील माती धरून ठेवण्याचे काम मुळे करतात. म्हणून कारवी, करवंद ह्यांसारखी येथलीच झुडपे वाटेपुरती किंवा कलमाभोवतीच्या जागेपुरती, आणि तीही जमिनीच्या वर छाटावी. त्या कामी कोयतीसारखे हत्यार नाही. एका हाताने फांदी वाकवून दुसऱ्या हाताने घाव घालता येतो. चढताना ती कमरेच्या आकडीत अडकविली की दोन्ही हात मोकळे राहतात. उतारावर ह्या गोष्टीचे महत्त्व धारेहून कमी नाही. जाड खोडास अर्थात कुऱ्हाडच लागते.

घाणेरीची गोष्ट निराळी. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेली ही वनस्पती वरून छाटली असता बुंध्यापासून अधिकच दाट फुटते. कोयतीने तिची केलेली तोड म्हणजे बहुधा पुढील वर्षाच्या कष्टांची पेरणी. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी ह्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातील कामाविषयी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली सुमारे ३ ते ५ सेंटिमीटरांवर तोडतात आणि झुडूप उपटून उलटे ठेवतात. येथे कुदळच हवी. तथापि उतार एकदम उघडा करू नये. आडवे पट्टे पाडून क्रमाक्रमाने काम करावे व मोकळ्या जागी गवत येऊ द्यावे.

राहिले यंत्र. ज्यास बागाईतदार ‘ग्रासकटर’ म्हणतात, ते दातेरी पाते लावल्यास झुडपेही कापते. नायलॉनची दोरी मात्र गवतापुरतीच. वेली दोरीभोवती गुंडाळल्या जातात. यंत्राचा वेग मोठा, पण ते मूळ खणीत नाही; म्हणजे घाणेरीपुढे ते कोयतीचेच धाकटे भावंड. शिवाय फिरत्या पात्याची पुढची उजवी कड जाड खोडावर आदळली तर यंत्र झटक्याने उसळते. सपाटीवर माणूस एक पाऊल मागे सरून सावरतो. उतारावर ते पाऊल ठेवावयास जागा नसते. ज्या ठिकाणी उभे राहण्यासाठी झाडाचा आधार घ्यावा लागतो, तेथे दोन्ही हात गुंतविणारे हे यंत्र नेऊच नये. जेथे ते चालते, तेथेही उताराला आडवे चालावे, इतरांस निदान १५ मीटर दूर ठेवावे, आणि काम करणाऱ्याच्या खालच्या अंगास कोणी उभे राहू नये. कारण पात्याखालून उडालेला दगड उतारावर कोठवर जाईल, ह्याचा अदमास कोणालाच येत नाही.