मागच्या पुराची खूण

सांगलीत २००५ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फूट ९ इंचांपर्यंत गेली होती. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या लोकांनी भिंतीवरची ती ओल लक्षात ठेवली, आणि पुढे घरातली बरीच मांडणी तिच्या हिशेबाने होत राहिली. धान्याची पोती किती उंच रचायची, कपाटाच्या कोणत्या खणात कागदपत्रं ठेवायची, दुकानातला माल कुठल्या फळीपासून लावायचा, हे सगळं त्या रेघेवर ठरत होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं, म्हणजे जुन्या खुणेच्या पावणेचार फूट वर. ‘त्या वेळी आपल्या उंबऱ्यापर्यंतच आलं होतं’ म्हणून थांबलेली कुटुंबं वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर अडकली.

आपत्तीची तयारी आपल्याकडे अशी आठवणीवर उभी असते, आणि आठवण अपुरी पडते. कृष्णा-पंचगंगेच्या काठची आणि कोकणातली घरं डोळ्यासमोर ठेवून अशा काही समजांची इथे तपासणी केली आहे. त्यांतला सर्वांत घातक समज घर केव्हा सोडायचं याविषयीचा आहे. टॉर्च, बिस्किटं आणि औषधांची पिशवी महत्त्वाची आहेच, पण तिचा क्रम त्यानंतरचा.

गैरसमज : शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निश्चिंती.

जलसंपदा विभागाच्या नकाशांवर नदीकाठाने दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. इथे ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका पावसाळ्यात तेवढं पाणी येण्याची शक्यता एक टक्का आहे. यंदा ते येऊन गेलं म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. गणित मांडून पाहा. घरासाठी ३० वर्षांचं कर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत लाल रेषेपर्यंतचं पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत सोसले. त्यात पात्रालगत भराव पडले, ओढे बुजले, की तेवढंच पाणी आधीपेक्षा उंच चढतं. घर किंवा प्लॉट घेताना सात-बारा आणि बांधकाम परवाना आपण बारकाईने पाहतो. त्याच बैठकीत पूररेषेचा नकाशाही मागून घ्यायला हवा.

गैरसमज : आमचा भाग दुष्काळी, आणि वादळं तर पूर्व किनाऱ्यावर येतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावं वेढली. टँकरची सवय असलेल्या भागात माणसं बोटीने बाहेर काढावी लागली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. वादळाचा मधला भाग डोक्यावर आला की वारा अचानक पडतो. तो वादळ संपल्याचा इशारा समजून बाहेर पडू नका, थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच जोराचा वारा येतो.

गैरसमज : इथे तर ऊन पडलंय, कसला रेड अलर्ट!

सांगलीचा पूर सांगलीत पडलेल्या पावसाने येत नाही. तो महाबळेश्वर, नवजा आणि कोयनेच्या पाणलोटात पडणाऱ्या पावसाचा असतो. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस लागतो. कोल्हापुरात ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी पोरासोरांनाही कळते, कारण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला मिळतं. म्हणून काठावरच्या घराने आपल्या डोक्यावरचं आकाश पाहून निर्णय घेऊ नये. घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी हे तीन आकडे रोज पाहावेत. हवामान विभाग २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पडणाऱ्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकतो. रेड अलर्टचा अर्थ ‘आता कृती करा’ असा आहे. चार वेळा अलर्ट येऊन पाऊस पडला नाही, तरी पाचव्या वेळी तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर चढतो का, हा वाद पुढेही चालेल, तो चालायलाही हवा, पण आज रात्री लेकराबाळांना घेऊन कुठे जायचं याचं उत्तर त्या वादात मिळणार नाही.

गैरसमज : पाणी दारात आलं की निघू.

हा समज जीव घेतो, म्हणून इथे थोडं थांबू या. पाणी दारात येण्याच्या कितीतरी आधी रस्ता बंद होतो. गावातून बाहेर पडणारी वाट बहुधा ओढ्यावरच्या फरशीवरून किंवा सखल पाणंदीतून जाते, आणि नदीचं पाणी आधी ओढ्यात मागे चढतं. घर कोरडं असतं, अंगणात कोंबड्या फिरत असतात, आणि गाव मात्र बेट झालेलं असतं. त्यानंतर उरते फक्त बोट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावातून लोक अशाच बोटीने बाहेर पडत होते. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली ती बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला, त्यात बाया आणि लहान मुलं होती. एक दिवस आधी तीच माणसं त्याच रस्त्याने चालत किंवा ट्रॅक्टरने सुखरूप बाहेर पडू शकली असती.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पण हे आकडे सगळ्या परिसरासाठी आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. किती फुटांवर तुमच्या गावचा रस्ता बुडतो, किती फुटांवर गल्लीत पाणी येतं, हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असतं. ते विचारा, आणि रस्ता बुडण्याच्या दोन-तीन फूट आधीचा आकडा आपला मुक्काम हलवण्याचा आकडा म्हणून ठरवून टाका. तो आकडा गाठला की घरात चर्चा करायची नाही, निघायचं. आणि दिवसाउजेडी निघायचं.

लोक मागे का राहतात, हेही समजून घेतलं पाहिजे. त्याची कारणं मुख्यतः दोन : दावणीची जनावरं आणि चोरीची भीती. दोन्ही खरी आहेत, त्यांना आळस किंवा हट्ट म्हणणं अन्याय होईल. म्हणून जनावरं माणसांच्याही आधी हलवावी लागतात. उंचावरच्या नातेवाइकाचा गोठा किंवा मळा मे महिन्यातच बोलून ठेवावा, वैरणीची सोय तिथे करून ठेवावी. अगदीच वेळ उरला नाही, तर दावं सोडून द्यावं. मोकळं जनावर पोहून काठ गाठू शकतं, बांधलेलं जनावर खुंट्यालाच बुडतं. घर राखायला म्हाताऱ्या वडिलांना मागे ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे : ती बंद झाली पाहिजे. आजी-आजोबा, दिवस भरत आलेली सून, डायलिसिसवर किंवा इन्सुलिनवर असलेला माणूस यांनी इशारा पातळीलाच, म्हणजे बाकीच्यांच्या आधी, घर सोडावं.

कोकणात एवढा अवधीही मिळत नाही. कृष्णेचं पाणी दिवसादिवसाने चढतं. वाशिष्ठी आणि सावित्री डोंगरातून सरळ खाली येतात, आणि त्यांच्या मुखाशी भरती असेल तर पाण्याला जायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणची बाजारपेठ पाहता पाहता बुडाली. अशा गावात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र येणार असतील, तर झोपण्यापूर्वीच वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी जाणं हाच शहाणपणा. भरतीचं वेळापत्रक मच्छीमारांच्या घरात असतं, व्यापाऱ्याच्या दुकानातही असावं.

गैरसमज : आपला डोंगर कधी हलला नाही.

माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. तळिये २२ जुलै २०२१ रोजी, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. ‘आजवर काही झालं नाही’ ही समजूत वाडीवाडीत सापडते. डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. उतारावर जमिनीला भेगा पडतात, झाडं किंवा विजेचे खांब कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा आटतं, घराची दारं चौकटीत अडकू लागतात. सलग मोठ्या पावसात यातली एकही खूण दिसली, तर त्या रात्री त्या घरात झोपू नये. पाहणीला कोणी अधिकारी येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

गैरसमज : पाणी गुडघ्याएवढंच तर आहे.

वाहत्या पाण्याची खोली फसवी असते. सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर, जोराचं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक वाहनं वाहून जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही जण बंद काचांच्या गाडीतच गेले. पाणी चढू लागलं की काच उतरवून गाडी सोडा. फरशीवरून पाणी वाहत असेल, तर पुढचा टेम्पो गेला म्हणून आपण जायचं नाही.

गैरसमज : मेन स्विच बंद केला, आता धोका नाही.

इन्व्हर्टरचं काय? बाहेरची वीज गेली की तोच घरातल्या तारांना वीज पुरवू लागतो. छतावर बॅटरीवर चालणारी सौर यंत्रणा असेल तर तीही. निघताना मेन स्विच, इन्व्हर्टर आणि गॅसचा रेग्युलेटर, तिन्ही बंद करा. परतल्यावर ओल्या बोर्डाला हात लावण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या.

गैरसमज : तुरटी फिरवली की पाणी शुद्ध.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पुरानंतर पाणी उकळूनच प्यावं, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावं. विहीर बुडाली असेल तर ती उपसून आणि ब्लीचिंग पावडर टाकूनच वापरावी. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरावं लागलं, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा, प्रतिबंधक गोळी वेळेत घेतली तर उपयोग होतो. ओसरत्या पाण्याबरोबर घरात साप शिरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणी चावलं तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता सरळ दवाखाना गाठा, उतारा तिथल्या प्रतिसर्पविषातच आहे.

गैरसमज : विमा आहे, सरकारही देईल.

गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर पुरात बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी पाणी शिरलेली गाडी सुरू करून पाहिली आणि इंजिन बिघडलं, तर दावा अडू शकतो. गाडी ओढूनच न्या. घरासाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात पूर, वादळ, भूकंप आणि दरड यांचं नुकसान धरलेलं आहे, आणि ती घेतलेली घरं मला फारच थोडी दिसतात. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते. म्हणून प्रत्येक खोलीचे, गोठ्याचे, दुकानाच्या मालाचे फोटो पावसाळ्याआधी काढून घराबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. परतल्यावर चिखल काढण्याआधी पुन्हा फोटो काढा.

पिशवी भरायला फार खर्च नाही. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्यांतले जे मिळतील ते डिजिलॉकरमध्येही. आठवड्याची औषधं चिठ्ठीसकट, जादा चष्मा, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक. आणि सुट्ट्या नोटा, कारण वीज आणि टॉवर गेले की मोबाइलने पैसे देता येत नाहीत. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्यावर कोल्हापुरात पेट्रोलही दुर्मिळ झालं होतं, तेव्हा जून लागला की गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. घरातले सगळे विखुरले तर कुठे भेटायचं आणि जिल्ह्याबाहेरच्या कोणत्या नातेवाइकाला निरोप द्यायचा, हे मुलांनाही पाठ हवं.

मोबाइलवर ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८. हे क्रमांक आणि घर सोडण्याचा आपला फुटांचा आकडा आज संध्याकाळी सगळ्यांनी बसून ठरवा, आणि मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.